लोथलचं राष्ट्रीय सागरी संग्रहालय : आपल्या किनाऱ्यावरून तिथे काय जायला हवं?

समुद्रकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे काही वर्षं अहमदाबादला आहे. गेल्या हिवाळ्यात बाबा रत्नागिरीहून राहायला आले होते. आयुष्यभर व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम केलेला माणूस. "इथून ऐंशी किलोमीटरवर हडप्पाकालीन गोदी आहे" एवढं म्हणायचा अवकाश, पुढच्याच रविवारी आम्ही लोथलच्या रस्त्याला लागलो.

समुद्र आता तिथून बराच लांब गेलाय. भोवताली सपाट शेतं, आणि मध्येच एक भलामोठा आयताकृती हौद, भाजक्या विटांनी बांधलेला, सुमारे २१५ मीटर लांब आणि ३५ मीटर रुंद. काठावर उभे राहून बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "पाणी वाढलं तर बाहेर काढायची वाट कुठाय?" दक्षिणेच्या भिंतीतला सांडवा दाखवला तेव्हा त्यांचं समाधान झालं.

शेजारी पुरातत्त्व खात्याचं १९७६ सालचं छोटं संग्रहालय आहे. मणी, शंखाच्या वस्तू, दगडी वजनं, मुद्रा. इराणच्या आखाताकडच्या पद्धतीची एक गोल मुद्राही लोथलला सापडली. पण माझे पाय खिळले ते मातीच्या ठशांपाशी. त्या काळी मालाच्या गाठोड्यावर ओली माती थापून तिच्यावर मुद्रा उठवत. पुढे वखारीला आग लागली, ती माती भाजून निघाली आणि म्हणूनच टिकली. ठशाच्या मागच्या अंगाला चटईची वीण आणि दोरीची गाठ उमटलेली आहे. गाठ बांधणाऱ्याचं नाव गेलं, गाव गेलं, त्याची भाषाही आपल्याला वाचता येत नाही. गाठ मात्र तशीच.

आता मुद्दा. याच परिसरात, सरगवाला गावाजवळ, सुमारे ४०० एकरांवर राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतंय. केंद्राच्या बंदर, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्रालयाचा सागरमाला कार्यक्रमातला हा प्रकल्प. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली तेव्हा पहिल्या टप्प्याचं काम निम्म्याहून पुढे गेलेलं होतं. त्या टप्प्यात सहा दालनं आहेत, त्यात नौदल आणि तटरक्षक दलाचं मोठं दालन, शिवाय लोथल नगराची प्रतिकृती. नंतर आणखी आठ दालनं आणि ७७ मीटर उंचीचं दीपगृह-संग्रहालय. त्यापुढच्या टप्प्यात किनारपट्टीच्या राज्यांची स्वतंत्र दालनं, म्हणजे महाराष्ट्राचं आणि गोव्याचंही.

इमारत उभी राहील याची मला शंका नाही. काळजी आहे ती आत काय ठेवणार याची. प्रतिकृती, मोठे पडदे, प्रकाशझोत हे सगळं विकत मिळतं. दोरीची ती गाठ विकत मिळत नाही. आपल्या ७२० किलोमीटरच्या किनाऱ्यावर अशा किती वस्तू कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या परसात पडून आहेत? महाराष्ट्राचं दालन होईपर्यंत त्या राहतील का? तुम्हाला ठाऊक असलेल्या वस्तू इथे लिहाव्यात, एवढ्यासाठी हा धागा.

---

इतिहासवेडा

छान लिहिलंय. पण 'गोदी' हा शब्द इतक्या ठामपणे वापरू नये असं वाटतं. शि. रा. राव यांनी १९५५ पासून उत्खनन करून तो निष्कर्ष मांडला, मात्र १९६० च्या दशकातच लॉरेन्स लेश्निक यांनी हा पाणी साठवायचा तलाव असावा अशी मांडणी केली. जहाज वळवून आत आणायला प्रवेशमार्ग सोयीचा नाही, हा आक्षेप अजून घेतला जातो. राष्ट्रीय संग्रहालयाने हा वादसुद्धा भिंतीवर मांडायला हवा. दोन्ही बाजूंचे पुरावे शेजारीशेजारी ठेवा आणि बघणाऱ्याला ठरवू द्या.

---

समुद्रकाठ

पूर्ण सहमत, वाद तिथे दिसायलाच हवा. त्यात २०२४ सालची भर म्हणजे आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी उपग्रहचित्रं आणि जुने नकाशे ताडून साबरमतीचा एक जुना प्रवाह लोथलजवळून जात होता असं दाखवलं. त्यामुळे गोदीच्या बाजूचं पारडं जड झालंय, पण प्रश्न मिटलाय असं मीही म्हणणार नाही. बाबांचं मत विचाराल तर ते सांडवा बघूनच गोदीवाले झाले. :)

---

गिरगाव_चौपाटी

धागा वाचून पहिली आठवण आली ती जुन्या विक्रांतची, आपल्या विमानवाहू जहाजाची.

आठवीत असताना आमच्या शाळेची सहल नौदल गोदीत विक्रांतवर गेली होती. धावपट्टीवर उभं राहिलं की पायाखालचं लोखंड उन्हाने तापलेलं जाणवायचं. खाली हँगरमध्ये विमानं होती. आम्हाला फिरवणाऱ्या निवृत्त नौसैनिकाने एका लोखंडी दारापाशी थांबून सांगितलं, "एकाहत्तरच्या डिसेंबरात मी इथे झोपायचो. झोप लागली तर." पुढे तो काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. पुस्तकात कॉक्स बाजार, चित्तगाव, सी हॉक असं सगळं वाचलं होतं, पण १९७१ पहिल्यांदा समजलं ते त्या दारापाशी.

१९६१ साली नौदलात आलेली बोट. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. त्यानंतर काही वर्षं संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिली. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद झाली. देखभालीचा खर्च झेपत नाही, असं राज्याने न्यायालयात सांगितलं. जानेवारी २०१४ मध्ये जनहित याचिका फेटाळली गेली. साधारण ६० कोटींना भंगारात विक्री झाली आणि त्याच नोव्हेंबरात दारूखान्यात तोडायला सुरुवात झाली. माझे वडील तेव्हा रे रोडला कामाला होते. येता-जाता दिसायची, म्हणायचे, दर आठवड्याला थोडी कमी. एके दिवशी त्यांनी त्या बाजूने जाणं सोडलं.

विराट या दुसऱ्या विमानवाहू जहाजाचंही तेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवतीजवळ संग्रहालय करायला ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती गुजरातमधल्या अलंगला तोडायला गेली. म्हणून लोथलबद्दल आनंद आहे, पण मंजुरीच्या बातमीने मी आता हुरळून जात नाही. पुढची तीस वर्षं दरवर्षी रंग कोण लावणार, गंज कोण खरवडणार, हे ठरलंय का?

---

केळशीकर

विक्रांतबद्दल अगदी मनातलं लिहिलंत. फक्त एक सांगतो, जहाज जपणं आपल्याला जमतच नाही असं नाही. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी २००२ पासून किनाऱ्यावर उभी आहे. आत शिरून बघता येते, निवृत्त नौसैनिक माहिती देतात. फरक असा की ती वाळूवर ओढून काँक्रीटच्या पायावर ठेवलीय, आणि नगरविकास प्राधिकरणाकडे तिची जबाबदारी पहिल्यापासून ठरलेली होती. पाण्यात तरंगणारं जहाज जपायचा खर्च कितीतरी पटींनी जास्त. लोथलला नौदलाची निशंक ही क्षेपणास्त्र नौका आणि सी हॅरिअर विमान ठेवणार आहेत. निशंक २०२२ मध्ये मुंबईतच निवृत्त झाली. जमिनीवर असेल तर निभेल.

---

थेम्सकाठी

मी लंडनला ग्रिनिचपासून चालत जायच्या अंतरावर राहते. इथलं नॅशनल मेरिटाइम म्युझियम कसं झालं ते थोडं विस्ताराने लिहिते, कारण गिरगावकरांच्या प्रश्नाला त्याच्यात उत्तर आहे असं मला वाटतं.

इथे आधी इमारत बांधली आणि मग वस्तू शोधल्या, असं झालेलंच नाही. १९१० मध्ये जुन्या जहाजांचा अभ्यास करणाऱ्या काही लोकांनी सोसायटी फॉर नॉटिकल रिसर्च काढली. १९२० च्या दशकात ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची युद्धनौका 'व्हिक्टरी' पोर्ट्समथला कुजत होती, तिच्यासाठी या लोकांनी निधी गोळा केला. त्या निधीला सगळ्यात मोठा हात दिला सर जेम्स केर्ड या स्कॉटिश जहाजमालकाने. हा माणूस पुढे या संग्रहालयाचा कणा झाला. १९२८ मध्ये मॅकफर्सन नावाच्या संग्राहकाची ११ हजारांहून जास्त सागरी चित्रं विकायची वेळ आली. लोकवर्गणी पुरेना, संग्रह फुटून परदेशी जाणार असं दिसलं, तेव्हा केर्डनी तो अख्खा विकत घेतला. त्याच्यानंतर नकाशे, जहाजांचे नमुने, उपकरणं असं ते घेतच राहिले. तोवर हे सगळं ठेवायला संग्रहालय नव्हतं!

जागा मिळाली तीही तयार. ग्रिनिचला खलाशांच्या मुलांची शाळा होती, ती १९३३ मध्ये सफकला हलली. तिच्या मोकळ्या इमारती आणि मधलं सतराव्या शतकातलं क्वीन्स हाउस म्युझियमला द्यायचं ठरलं, दुरुस्तीचा भार केर्डनी उचलला. १९३४ मध्ये संसदेने कायदा केला आणि २७ एप्रिल १९३७ ला सहाव्या जॉर्ज राजाने उद्घाटन केलं. पहिले संचालक जेफ्री कॅलेंडर, नौदल महाविद्यालयात इतिहास शिकवणारे प्राध्यापक आणि त्याच सोसायटीचे कार्यकर्ते. म्हणजे कल्पनेपासून दरवाजा उघडेपर्यंत २७ वर्षं, आणि त्यातली बरीचशी वस्तू वाचवण्यात गेली.

आता त्यांच्या 'विक्रांत'ची गोष्ट. 'इम्प्लॅकेबल' नावाचं जहाज होतं. मूळचं फ्रेंच, ट्रॅफल्गारच्या लढाईत फ्रेंचांकडून लढलेलं, पुढच्याच महिन्यात ब्रिटिशांनी पकडलं आणि नंतर शंभराहून जास्त वर्षं वापरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जपायला पैसे नाहीत असं सरकारने सांगितलं. म्युझियमलाही झेपेना. २ डिसेंबर १९४९ ला ब्रिटिश आणि फ्रेंच असे दोन्ही झेंडे फडकत असताना स्फोटकं लावून ते समुद्रात बुडवलं. त्याच्या मागच्या भागाचं कोरीव लाकूडकाम तेवढं काढून ठेवलं होतं, ते आज म्युझियममध्ये आहे. मी पाहुण्यांना नेते तेव्हा नेल्सनच्या गोळी लागलेल्या कोटाकडे सगळे आपणहून जातात. या लाकडाकडे मी नेते.

त्या बुडवण्याचा इथल्या लोकांच्या मनाला चटका लागला. म्युझियमचे तेव्हाचे संचालक फ्रँक कार यांनी 'कटी सार्क'च्या बाबतीत हे पुन्हा होऊ दिलं नाही. १९५४ मध्ये ते चहाचं जहाज ग्रिनिचच्या कोरड्या गोदीत आणून बसवलं. २००७ मध्ये त्याला आग लागली, तरी दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा उघडलं. मी तेव्हा रांगेत होते.

अवांतर : आपल्या मुंबईचं जहाज बघायचं असेल तर इंग्लंडच्या ईशान्येला हार्टलपूलला जा. 'ट्रिंकोमाली', १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेली, अजून तरंगतेय. तिच्या डेकवर हात टेकला आणि मला भायखळ्याच्या आमच्या जुन्या घराचे वासे आठवले. तेही सागवानच.

---

गिरगाव_चौपाटी

ताई, 'इम्प्लॅकेबल'बद्दल काहीच माहीत नव्हतं. दोनदा वाचलं. आमच्याकडे दारूखान्यातून आलेल्या धातूचं विक्रांत स्मारक नौदल गोदीजवळच्या रस्त्यावर २०१६ मध्ये उभं केलंय, त्याच्याकडे आता वेगळ्या नजरेने बघेन.

आणि तुमच्या त्या सोसायटीवरून आठवलं, आपल्याकडेही अशी संस्था आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणेची सागर परिक्रमा ज्यांच्या आग्रहामुळे झाली, तेच आवटी. अभ्यासकांचा गट आपल्याकडे होताच. केर्ड मिळाला नाही.

---

माडाची_सावली

गोव्याहून लिहितोय. लोथल आणि गोवा यांचा धागा फार कमी लोकांना माहीत असतो. लोथल खणणारे राव पुढे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आले आणि तिथे त्यांनी पाण्याखालच्या पुरातत्त्वाची सुरुवात केली. द्वारकेच्या समुद्रातलं संशोधन त्यातलंच.

दुसरं, कौंडिण्य. फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवलेलं हे जहाज गोव्यात बांधलं, केरळच्या कारागिरांनी शिवलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. मूळ नमुना कुठला? अजिंठ्याच्या चित्रातलं जहाज. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीपलीकडच्या लेणीत कुणीतरी जहाज रंगवलं आणि दीड हजार वर्षांनी त्यावरून खरं जहाज बांधलं गेलं. महाराष्ट्राच्या दालनाची सुरुवात याच चित्राने व्हावी असं मला मनापासून वाटतं.

शिवणारे कारागीर आता मोजके उरलेत. फळीला भोकं पाडून काथ्या ओवताना दोर किती ताणायचा, हे ते बोटांनी ठरवतात. ते काचेच्या पेटीत कसं ठेवणार? संग्रहालयात एक कार्यशाळा असावी, तिथे वर्षभर एखादी होडी बांधली जात असावी. आलेल्या मुलांनी काथ्या हातात धरून बघावा.

---

केळशीकर

+१ कार्यशाळेला. आमच्या बाजूला लाकडी होड्या बांधणारे सुतार होते, त्यांची मुलं आता फायबरचं काम करतात. कागदावर आराखडा कधी नसायचाच, सगळा हिशोब डोक्यात. माझ्या लहानपणी एक आजोबा नुसत्या नजरेने सांगायचे, ही होडी डावीकडे झुकणार.

आणि शब्द! गुराब, गलबत, शिबाड, मचवा, पडाव, तरांडं. आंग्र्यांच्या आरमारात गुराब मोठी, गलबत लहान आणि चपळ. आज मुलांना विचाराल तर सगळ्याला 'बोट'. दालनात प्रत्येकाचा नमुना हवा आणि खाली मराठी नाव मोठ्या अक्षरात.

---

पश्चिम_उपनगर

इतका चांगला धागा खूप दिवसांनी. माझ्याकडून एक वस्तू : बोरिवलीच्या एकसरमधले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड.

शिलाहारांच्या अखेरच्या काळातल्या समुद्री लढाईचं शिल्प म्हणून ते ओळखले जातात. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातली लढाई, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वल्ह्यांची रांग असलेली जहाजं दगडात स्पष्ट दिसतात. मध्ययुगीन भारतीय युद्धनौका शिल्पात इतक्या तपशिलाने फार कमी ठिकाणी आहेत. दर रविवारी भाजी आणायला जाताना मी मुलीला तिथे थांबवते. ती वल्ही मोजते.

पण ते उचलून लोथलला न्यावेत असं मात्र म्हणणार नाही. ते इथलेच, इथेच राहावेत. डोक्यावर नीट छप्पर, शेजारी माहितीफलक, आणि लोथलला उत्तम साचा घेतलेली प्रतिकृती. आपण 'तिथे काय जायला हवं' विचारताय, तेव्हा 'इथे काय राहायला हवं' हाही प्रश्न आहे.

---

समुद्रकाठ

हे अगदी बरोबर पकडलंत. मी धागा लिहिला तेव्हा माझ्या डोक्यात सगळं लोथलला पोचवायचं होतं. एकसरचे वीरगळ, गिर्येची गोदी, सिंधुदुर्गाचा तट हे जागचे हलवायचे नाहीतच. लोथलच्या दालनात फार तर मोठा नकाशा हवा, तो बघून लोकांनी बोरिवलीची किंवा विजयदुर्गाची वाट धरावी. हलवायला लागतील त्या घरातल्या वस्तू. घर पडलं की जातात त्या.

---

सुरमई

मी इथे नेहमी फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. आजोबा तांडेल होते, म्हणजे गलबताचे कप्तान. मंगळूरहून कौलं भरून शिडाचं गलबत मुंबईला न्यायचे, येताना मिळेल तो माल. नारळी पौर्णिमेनंतर निघायचे ते पावसाच्या आधी परत. त्यांचं पितळी पेटीतलं होकायंत्र आणि एक वही आमच्याकडे आहे. वहीत प्रत्येक बंदराच्या तोंडाशी किती वाव खोल पाणी, कुठला डोंगर कुठल्या देवळाच्या रेषेत आला की सुकाणू वळवायचं, मतलई वारा किती वाजता सुटतो असं लिहिलंय. काही पानं मोडीत आहेत, ती पणजोबांची असावीत. मध्ये मध्ये चित्रं आहेत, किनारा समुद्रातून जसा दिसतो तशी.

घर विकायचं ठरलंय. भावाचं म्हणणं, वही लॅमिनेट करून घेऊ म्हणजे टिकेल, आणि होकायंत्र चिंचेने घासून लख्ख करू. हे सगळं वाचल्यावर वाटलं आधी विचारावं. असल्या वहीला संग्रहालयात किंमत असते का?

---

कागदकाम

सुरमईताई, मी कागद-जतनाचं काम करते, म्हणून घाईने लिहितेय. वही कृपया लॅमिनेट करू नका. उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या चिकटीने कागदाचं जे होतं ते नंतर कुणालाच सोडवता येत नाही. सेलोटेपही लावू नका. सध्या एवढंच करा : स्वच्छ कोरड्या हाताने, सावलीत, प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानं आणि पुठ्ठासुद्धा. मग धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवी ठेवा. कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या वहीला टेकवून ठेवू नका. वाळवी नाही ना, ते महिन्यातून एकदा बघा.

होकायंत्रही घासू नका. चिंचेने पितळेचा वरचा थर जातो, आणि बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असेल तर तेही पुसट होतं. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसली की पुरे. तबकडी द्रवात तरंगत असेल तर झाकण उघडू नका.

आणि किमतीचं विचारलंत म्हणून. कच्छच्या माळमांच्या, म्हणजे तिथल्या नाविकांच्या, अशा पोथ्या अभ्यासकांनी जपल्या, त्यामुळे त्यांच्या नौकानयनाबद्दल आज बोलता येतं. कोकणच्या तांडेलाची वही, तीही चित्रांसकट, हे ऐकून मला रात्री झोप लागणार नाही. देणगी द्यायची वेळ आली तर कोणत्याही संस्थेकडून लेखी पावती घ्या, त्यात आजोबांचं नाव आणि गाव घालायला सांगा. तोंडी काही देऊ नका.

---

इतिहासवेडा

मोडी पानांचे फोटो पाठवलेत तर वाचून देईन. बंदरांची नावं जुनी असतील, त्यासाठी कुणी जाणकार सोबत बसला तर बरं.

---

सुरमई

मनापासून आभार. लॅमिनेशनवाल्याकडे उद्या सकाळी जायचं होतं, भावाला फोन करून थांबवलं. धाकटे काका आजोबांबरोबर तीन फेऱ्या गेले होते, ते आता ब्याऐंशीचे आहेत, सावंतवाडीला असतात. रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जाते आणि एकेका पानावर बोट ठेवून विचारते, हा डोंगर कुठला. मोबाइलवर रेकॉर्ड करीन. फोटो सोमवारपर्यंत टाकते.